न्यूरॉनच्या स्पाइक्समध्ये माहिती किती, हे मोजायचं कसं?

अनघड
नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, सध्या पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे आणि काम आहे टोळावर. टोळाच्या अँटेनावर वास सोडायचा आणि त्याच्या मेंदूतल्या अँटेनल लोबमध्ये (वासाचा निरोप मेंदूत पहिल्यांदा पोचतो तो भाग) इलेक्ट्रोड घालून न्यूरॉन काय बोलतात, म्हणजे स्पाइक्स (विजेचे क्षणिक ठोके) कधी सोडतात, ते रेकॉर्ड करायचं. एका न्यूरॉनने मला अडकवून ठेवलंय. हेक्झॅनॉल सोडलं की तो आधी गप्प बसतो आणि मग सात-आठ स्पाइक्स एकदम सोडतो, ऑक्टॅनॉल सोडलं की लगेच तेवढेच स्पाइक्स सोडतो आणि मग गप्प. सेकंदभराचे मोजले तर आकडा जवळपास सारखाच! पण रास्टर समोर ठेवला (एक ओळ म्हणजे एक ट्रायल, एक ठिपका म्हणजे एक स्पाइक) तर शेंबडं पोरही सांगेल की हे दोन वेगळे वास आहेत.

आता हा "वेगळेपणा" आकड्यात मांडायचाय. म्युच्युअल इन्फॉर्मेशन काढ, म्हणजे स्पाइक्स बघून वास कुठला हे किती कळतं ते बिटमध्ये मोज, असं सांगितलं गेलं. मी २०० मिलिसेकंदांची खिडकी घेतली, तिचे २०-२० मिलिसेकंदांचे १० तुकडे केले, तुकड्यात स्पाइक असेल तर १ नाहीतर ०, असा दहा अंकी शब्द प्रत्येक ट्रायलचा. प्रत्येक वासाच्या १० ट्रायल्स. उत्तर आलं पूर्ण १ बिट. आनंद झाला, पण मग तपासायला म्हणून वासाची लेबलं शफल केली, म्हणजे कुठली ट्रायल कुठल्या वासाची हे मुद्दाम उलटसुलट करून टाकलं, तरी उत्तर ०.९ बिटच्या आसपास! लेबलं उलटसुलट झाली की माहिती शून्य यायला हवी ना? कोड तीनदा तपासलाय. कोणी या वाटेने गेलंय का?

पायवाट
वाचतेय. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या लोकांसाठी कोणी सांगेल का, न्यूरॉन "फायर" होतो म्हणजे नक्की काय होतं? आणि हे मोर्स कोडसारखं काही आहे का?

विषुव
पायवाट, पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा व्होल्टेज कमी असतं, साधारण उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास. पुरेशी चालना मिळाली की सोडियमचे दरवाजे उघडतात, व्होल्टेज झपकन वर जातं आणि साधारण एका मिलिसेकंदात परत खाली, तोच स्पाइक. दरवेळी तो जवळजवळ सारख्याच उंचीचा असतो. त्यामुळे उंचीत निरोप नाही, निरोप असलाच तर किती स्पाइक्स आले आणि कधी आले यात.

मोर्सशी साम्य इतकंच की दोन्हीकडे ठिपके आहेत. मोर्सचा तक्ता कोणीतरी बसून ठरवलेला होता आणि दोन्ही टोकांना माहीत होता. इथे तक्ता आपल्यालाच शोधायचाय, आणि तो एकच आहे याचीही खात्री नाही. अनघड, तुझ्यासाठी रात्री सविस्तर लिहिते, इथे आत्ता सकाळ आहे आणि लॅबला पळायचंय.

खडूफळा
अनघड, कोडमध्ये दोष शोधू नकोस, दोष नाहीये. दहा अंकी शब्द म्हणजे २ चा दहावा घात, १०२४ शक्य शब्द. तुझ्या हातात ट्रायल्स २०. म्हणजे जवळपास प्रत्येक ट्रायलचा शब्द वेगळाच पडणार. आणि एखादा शब्द संपूर्ण डेटात एकदाच आला असेल तर गणिताच्या दृष्टीने "हा शब्द दिसला की वास अमुकच" हे शंभर टक्के खरं ठरतं, मग लेबल खरं असो की उलटसुलट केलेलं. दोनच वास आहेत म्हणून जास्तीत जास्त माहिती १ बिट, तिथे तू पोचलीस. शफल केल्यावर ०.९ का, तर योगायोगाने दोन-तीन ट्रायल्सचे शब्द जुळले असतील आणि शफलमध्ये त्यांची लेबलं वेगळी पडली असतील. एक हेक्झॅनॉल आणि एक ऑक्टॅनॉल अशी एक जोडी एकाच शब्दात अडकली की बरोबर ०.१ बिट कमी होतो (२० पैकी २ ट्रायल्स, तिथे अनिश्चितता पूर्ण १ बिट). कागदावर करून बघ, छान जमतं.

याला लिमिटेड सॅम्पलिंगचा बायस म्हणतात. एन्ट्रॉपी (शब्द किती तऱ्हेतऱ्हेचे येतात, त्यातली अनिश्चितता) थोड्या नमुन्यांवरून काढली की ती कमी येते, आणि एका वासापुरती काढलेली एन्ट्रॉपी (तिथे नमुने आणखी कमी) जास्तच कमी येते. माहिती म्हणजे या दोघींतला फरक, म्हणून ती फुगते. मिलरने १९५५ मध्ये याची अंदाजी दुरुस्ती दिली. तुझ्यासारख्या दोन वासांच्या बाबतीत फुगवटा साधारण (शब्दसंख्या − १) भागिले (२ × एकूण ट्रायल्स × ०.६९३, म्हणजे २ चा नैसर्गिक लॉग). १०२४ शब्द आणि २० ट्रायल्स घातल्या तर जवळजवळ ३७ बिट येतात, जिथे कमाल १ बिट शक्य आहे! म्हणजे तुझ्या बाबतीत दुरुस्तीचं सूत्रसुद्धा लागू पडत नाही इतका डेटा तोकडा आहे. शब्द लहान कर. ५० मिलिसेकंदांचे ४ तुकडे घे, १६ शब्द. तेवढ्याच २० ट्रायल्सवर फुगवटा ०.५४. प्रत्येक वासाच्या ४० ट्रायल्स मिळाल्या, म्हणजे एकूण ८०, तर ०.१४ च्या आत. मग बोलण्यात अर्थ आहे.

अनघड
सर, मनापासून आभार! कागदावर केलं, ०.१ खरंच जमतं. पण ५० मिलिसेकंदांचे तुकडे केले तर वेळेतला जो बारकावा मला दाखवायचाय तोच पुसला जाणार ना?

खडूफळा
पुसला जाईल किंवा नाही जाणार, तेच तर मोजायचंय. तुकडा मोठा-लहान करत माहिती किती बदलते ते बघायचं. मात्र दर पायरीला बायस वेगळा असतो, म्हणून प्रत्येक रुंदीला शफलचा आकडा शेजारी हवाच. तो न दिलेला आलेख मी तरी वाचत नाही.

तारायंत्र
मधेच बोलतो. मी रेकॉर्डिंगच्या बाजूचा माणूस, रिग, म्हणजे प्रयोगाची सगळी मांडणी, उभारणं हे माझं काम, त्यामुळे गणिताच्या आधीचे दोन प्रश्न विचारतो.

पहिला, तो एकच न्यूरॉन आहे याची खात्री केलीस का? पेशीबाहेरचा इलेक्ट्रोड आजूबाजूच्या सगळ्यांचं ऐकतो. सेकंदाला ३०,००० नमुने घेऊन, फिल्टर लावून, थ्रेशोल्डच्या वरचे आकार निवडून त्यांची टोळ्या पाडून वाटणी होते, ते स्पाइक सॉर्टिंग, आणि त्यात दोन शेजारी एकाच टोळीत पडणं रोजचं आहे. एक सोपी चाचणी: लागोपाठच्या स्पाइक्समधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढ. स्पाइकनंतर न्यूरॉनला एक-दोन मिलिसेकंद सक्तीची विश्रांती असते, तेवढ्यात तोच न्यूरॉन पुन्हा फायर होऊ शकत नाही. हिस्टोग्रामचा डावीकडचा कोपरा रिकामा नसेल तर तुझा "एक न्यूरॉन" दोन आहेत, आणि मग "आधी गप्प मग झुंड" हे एकाचं वागणं आहे की दोघांचं मिळून, सांगता येणार नाही.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. तुझा शून्य मिलिसेकंद कुठला? वास सोडणाऱ्या व्हॉल्व्हला सिग्नल गेला तो क्षण असेल तर सावध. व्हॉल्व्ह उघडायला वेळ, मग नळीतून हवा यायला वेळ, हा उशीर काही दशक मिलिसेकंदांचा सहज होतो आणि वासागणिक बदलतो, कारण काही रेणू नळीच्या भिंतीला जास्त चिकटतात. हेक्झॅनॉल आणि ऑक्टॅनॉल वेगवेगळ्या वेळी अँटेनाशी पोचत असतील तर तुझा न्यूरॉन वास नाही, तुझी प्लंबिंग सांगतोय. हवेत वासाचे रेणू किती आहेत ते क्षणोक्षणी दाखवणारा फोटोआयोनायझेशन डिटेक्टर, पीआयडी म्हणतात सगळे, त्याचं नाक अँटेना असते त्याच जागी ठेव आणि प्रत्येक वासाची चढण रेकॉर्ड कर. वेळेबद्दल कुठलाही दावा करण्याआधी हे झालंच पाहिजे, यात मी तडजोड करत नाही.

(अवांतर: ५० हर्ट्झचा गुणगुणाट येत असेल तर आधी अर्थिंग एकाच बिंदूला आणा, आणि टेबलावरचे मोबाइल चार्जर काढून टाका. निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.)

अनघड
हिस्टोग्रामचा कोपरा स्वच्छ आहे, दोन मिलिसेकंदांच्या आत काही नाही. पण पीआयडी... लॅबमध्ये आहे, या रिगवर लावलेला नाहीये. काका, हा मुद्दा कोणीच काढला नव्हता.

विषुव
आले. तारायंत्रांनी सांगितलं ते आधी कर, माझं सगळं त्यानंतर.

थोडं मागून सुरू करते कारण तुझा प्रश्न जवळपास शंभर वर्षं जुना आहे. १९२६ मध्ये केंब्रिजला एडगर एड्रियन आणि स्वीडनहून आलेला इंग्वे झोटरमन यांनी बेडकाचा एक छोटा स्नायू घेतला, तो कापत कापत इतका बारीक केला की ताण ओळखणारा एकच संवेदक शिल्लक राहील, आणि त्याला वजनं टांगली. व्हॅक्यूम ट्यूबचा अँप्लिफायर आणि कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर (पाऱ्याच्या हालचालीवरून व्होल्टेज दाखवणारं जुनं यंत्र) एवढ्यावर त्यांनी एकेक स्पाइक पकडला. वजन वाढवलं की स्पाइकची उंची वाढत नाही, दर वाढतो. वजन तसंच ठेवलं की दर हळूहळू उतरतो. इतकं साधं! रेट कोड, म्हणजे निरोप स्पाइक्सच्या दरात असतो ही कल्पना, तिथून सुरू झाला आणि एड्रियनला १९३२ चं नोबेल शेरिंग्टनसोबत मिळालं. पण त्या प्रयोगात वजन स्थिर होतं. बाहेरचं जग स्थिर नसतं. तुझ्या टोळाला वाऱ्यावरून वास तुकड्यातुकड्यात येतो, माशीसमोरचं दृश्य क्षणाक्षणाला सरकतं, सेकंदभर थांबून सरासरी काढायला वेळ कोणाकडे आहे.

म्हणून मला माशीचं काम फार आवडतं. माशीच्या मेंदूत एच-वन नावाचा न्यूरॉन आहे, दोन्ही बाजूंना एकेक, बस्स, समोरचं दृश्य आडवं सरकलं की बोलतो. बियालेक, रीके, डी रॉयटर व्हान स्टीव्हनिंक आणि वॉरलँड यांनी १९९१ मध्ये प्रश्नच उलटा केला. "उत्तेजना दिली की सरासरी प्रतिसाद काय" हे सोडून "स्पाइक्स माझ्यासमोर आहेत, यावरून बाहेर काय सरकलं ते सांगता येईल का" असं विचारलं. माशीच्या जागी बसून विचारल्यासारखं. आणि सांगता येतं, स्पाइक्सवरून हालचालीचा आलेख परत काढता येतो आणि त्यावरून माहितीची खालची मर्यादा मिळते. मग १९९७-९८ मध्ये थेट मोजणी झाली, तुझीच पद्धत: ३ मिलिसेकंदांचे १० तुकडे, ३० मिलिसेकंदांचा शब्द. सगळ्या शब्दांची मिळून एन्ट्रॉपी सुमारे ५ बिट. मग तीच हालचाल पुन्हा पुन्हा दाखवली, त्याच क्षणी शब्द किती बदलतो ते पाहिलं, ती गोंगाटाची एन्ट्रॉपी सुमारे २.६ बिट. वजा केली की सुमारे २.४ बिट माहिती. एका पेशीत, ३० मिलिसेकंदांत! बघ, निम्म्याच्या आसपास शब्दसंपदा निरोपाच्या कामी येते. दरवेळी हे वाचताना मला भारी वाटतं.

दहा अंकी शब्द त्यांनाही होता, मग त्यांना का चाललं? कारण माशी रिगवर तासन् तास टिकते आणि तीच हालचाल शेकडो वेळा दाखवता येते. आणि तरीही त्यांनी आधी अर्धा डेटा, मग पाव डेटा घेऊन एन्ट्रॉपी किती घसरते ते पाहिलं आणि अनंत डेटाकडे रेषा वाढवली. तू दहा ट्रायल्समध्ये ते करू नकोस. तुझ्यासाठी डीकोडर बरा. एक ट्रायल बाजूला ठेव, उरलेल्यांवरून दोन्ही वासांचा नमुना बनव, बाजूला ठेवलेली कोणाशी जवळ जाते बघ, सगळ्यांसाठी फिरव. किती बरोबर, किती चूक, त्या तक्त्यावरून माहिती काढ. स्पाइक्समध्ये नसलेली माहिती डीकोडर निर्माण करू शकत नाही, त्यामुळे मिळेल ती खालची मर्यादा असते. आकडा लहान येईल पण त्यावर विश्वास ठेवता येईल.

खडूफळा
विषुवताईंशी सहमत. एक भर घालतो, कारण वर्तमानपत्रात "मेंदूचा वेग अमुक बिट" अशा बातम्या येतात. शॅननने १९४८ मध्ये जे मांडलं त्यात माहिती ही संदेशांच्या संचावर अवलंबून असते. अनघडने दोन वास दिले म्हणून कमाल १ बिट. सोळा दिले असते तर कमाल ४. न्यूरॉन तोच. तेव्हा "या न्यूरॉनमध्ये इतके बिट" हे वाक्य अपुरं आहे, "या संचातल्या उत्तेजनांबद्दल, या खिडकीत, या बारकाव्याने" हे सगळं सोबत लिहायचं. मला हा मुद्दा इतका महत्त्वाचा वाटतो की प्रबंधाच्या पहिल्या पानावर असावा.

मृद्गंध
पण मुळात न्यूरॉन इतका बेभरवशाचा असेल, दर ट्रायलला वेगळा वागत असेल, तर मिलिसेकंदांचा बारकावा त्यात शोधणं व्यर्थ नाही का? कॉर्टेक्सबद्दल (मेंदूचा बाहेरचा थर) तर सगळीकडे हेच वाचलंय.

विषुव
मेनन आणि सेज्नोव्स्की, १९९५. उंदराच्या कॉर्टेक्सच्या कापातल्या एकाच न्यूरॉनला त्यांनी दोन प्रकारे करंट दिला. एकदा सपाट, एकसारखा: पहिला स्पाइक दरवेळी जागेवर, पण पुढचे ट्रायलगणिक सरकत जातात, सेकंदाच्या शेवटी नुसता पसारा. मग वरखाली होणारा करंट, पण दरवेळी तंतोतंत तोच: आता स्पाइक्स एकाखाली एक रांगेत, मिलिसेकंदाहून कमी फरकाने. पेशी तीच, त्याच दिवशी. म्हणजे स्पाइक बनवणारी यंत्रणा बेभरवशाची नाही, तिला काय खाऊ घालता त्यावर आहे. जिवंत मेंदूत दिसणाऱ्या चढउतारातला किती भाग खरा गोंगाट आणि किती आपण न मोजलेल्या गोष्टी (प्राणी जागा आहे की पेंगतोय, शेजारी काय करताहेत) हा वेगळा वाद, आणि तो संपलेला नाही.

कर्णफूल
उशिरा आले धाग्यावर. मी नाशिकला ऑडिओलॉजिस्ट आहे, माझ्यासाठी हा रोजच्या ओपीडीचा प्रश्न आहे. कानातल्या नसेचे तंतू आवाजाच्या लहरीच्या ठराविक टप्प्यालाच फायर होतात, फेज लॉकिंग म्हणतात, साधारण काही हजार हर्ट्झपर्यंत. एकटा तंतू इतक्या वेगाने दर लहरीला फायर होऊ शकत नाही, पण बरेच तंतू आळीपाळीने मिळून लहर पकडतात. कॉक्लिअर इम्प्लांट काय करतं? आवाज थोड्या चॅनल्समध्ये वाटतं, प्रत्येक चॅनलचा फक्त चढउतार, म्हणजे एन्व्हलप, घेतं आणि ठराविक वेगाने जाणाऱ्या पल्सेसची ताकद त्याप्रमाणे कमीजास्त करतं. बारीक वेळेची रचना तिथेच गळते (नव्या काही पद्धती ती थोडी परत आणायचा प्रयत्न करतात).

आणि परिणाम? शांत खोलीत बोललेलं समजतं, फोनवरही पुष्कळांना समजतं. पण सुरांचं तसं नाही. माझ्याकडे एक आजी येतात, ऐकू येणं वयात गेलेलं, भजनी मंडळातल्या. इम्प्लांटनंतर नातवाचं बोलणं कळायला लागलं यात खूप खूश, पण म्हणाल्या, "टाळ कळतो गं, पेटी नाही कळत." ताल मिळतो, सूर हरवतो. याला वेळेशिवाय दुसरीही कारणं आहेत, इलेक्ट्रोड थोडे असतात आणि करंट आजूबाजूला पसरतो, हे मान्य. तरी रेट की टाइमिंग हा वाद मी ऐकते तेव्हा मला त्या आजी दिसतात. तुम्ही लोकं हे नीट मोजा, आमची यंत्रं त्यावरच सुधारणार आहेत.

पायवाट
कर्णफूल, हे वाचून विषय एकदम जवळ आला. धन्यवाद.

मृद्गंध
उत्तम. पण माझा मूळ आक्षेप थोडा बदलून परत मांडतो. समजा वेळेत माहिती आहे असं आपण मोजून दाखवलं. म्हणून मेंदू ती वापरतो हे कुठे सिद्ध झालं? आपण कॉम्प्युटरवर वाचू शकतो इतकंच.

विषुव
मृद्गंध, या विषयातला सगळ्यात कळीचा प्रश्न हाच आहे आणि माझ्या मते बिट मोजणारे निम्मे पेपर इथे गप्प बसतात. मोजलेली माहिती म्हणजे "वाचता येण्यासारखं". वाचलं जातं का, हे बघायचं तर वेळ बिघडवून वागणूक बघायला हवी. आणि गंमत म्हणजे असा प्रयोग अनघडच्याच क्षेत्रात झालाय. टोळाच्या आणि मधमाशीच्या अँटेनल लोबमध्ये वास आला की न्यूरॉन्सचे गट एका लयीत येतात (टोळात साधारण २० हर्ट्झ). स्टॉफर, भगवान, स्मिथ आणि लॉराँ यांनी १९९७ मध्ये मधमाशीच्या अँटेनल लोबमध्ये पिक्रोटॉक्सिन हे रसायन टाकलं, त्याने लय मोडली. मग मधमाश्यांना वास शिकवून, तो ओळखला की सोंड बाहेर काढतात का, ते तपासलं. अगदी वेगळे वास त्यांना ओळखू आले. पण एकमेकांसारखे वास वेगळे सांगणं जमेना. म्हणजे ढोबळ कामाला लय लागत नाही, बारीक कामाला लागते. हेक्झॅनॉल-ऑक्टॅनॉल ही बारीकमधलीच जोडी, अनघड.

पुढची पायरीही बघ. टोळात ८०० च्या आसपास प्रोजेक्शन न्यूरॉन्सचं (अँटेनल लोबचा निरोप पुढे नेणाऱ्या पेशी) म्हणणं मशरूम बॉडी या मेंदूच्या पुढच्या टप्प्यातल्या सुमारे ५०,००० केनियन पेशींकडे जातं, आणि त्या जवळजवळ गप्प असतात, ठराविक वासाला एखाद-दोन स्पाइक्स, संपलं. त्या एका वेळी एकत्र आलेल्या स्पाइक्सनाच दाद देतात. तेव्हा तुझ्या एका न्यूरॉनच्या शब्दात किती माहिती आहे याइतकंच, तो इतरांसोबत लयीत कधी आला, हे महत्त्वाचं. शक्य असेल तर लोकल फील्ड पोटेन्शियल (आसपासच्या पेशींचं मिळून संथ व्होल्टेज, त्यात लय दिसते) सोबत रेकॉर्ड कर आणि स्पाइक्सची वेळ व्हॉल्व्हपासून न मोजता लयीच्या टप्प्यावरून मोजून बघ.

अनघड
एवढं सगळं कोणी समोर बसून समजावलं नसतं, सगळ्यांचे खूप आभार. आजचा हिशोब: ४ तुकडे, १६ शब्द, जुन्याच २० ट्रायल्स. खरी लेबलं ०.६ बिट, शफल ०.३ च्या आसपास. सर, तुमच्या सूत्राने ०.५४ यायला हवं होतं, पण १६ पैकी बरेच शब्द आलेच नाहीत म्हणून कमी असेल ना? डीकोडरने २० पैकी १६ बरोबर, दोन्ही वासांत दोन-दोन चुका, म्हणजे साधारण ०.२८ बिट. दोन वेगळ्या वाटांनी आकडे जवळ आले याचा फार आनंद आहे. आता पुढच्या टोळावर प्रत्येक वासाच्या ४० ट्रायल्स घेणार.

खडूफळा
हो, न आलेले शब्द मोजायचे नाहीत. छान चाललंय.

विषुव
थांब, ४० एकदम एकत्र करू नकोस! तोच वास पुन्हा पुन्हा दिला की टोळाच्या अँटेनल लोबमध्ये पहिल्या काही ट्रायल्समध्येच प्रतिसाद बदलतो, स्पाइक्स कमी होतात आणि लय घट्ट होते. स्टॉफर आणि लॉराँ यांनी १९९९ मध्ये दाखवलंय. सुरुवातीच्या दहाएक ट्रायल्स वेगळ्या ठेव, हिशोब उरलेल्यांवर कर, आणि दोन वास आलटून पालटून देणार असशील तर एकाचा परिणाम दुसऱ्यावर होतोय का तेही बघ. तुझ्या जुन्या १० ट्रायल्स सगळ्या या बदलत्या भागातल्या आहेत, त्यामुळे तो ०.२८ सुद्धा जरा जपून वापर.

अनघड
ओह. म्हणजे ५० घ्याव्या लागतील, आणि क्रम आधी ठरवून. चालेल. पण त्याआधी पीआयडी, काका, त्याचं नाक अँटेनापासून किती जवळ ठेवू?

तारायंत्र
जवळ नाही, टोळ काढून बरोबर त्याच जागी. टोळ बसवल्यावर हवेचा प्रवाह बदलतो म्हणून नंतर एकदा टोळासकट, नाक अँटेनाच्या लगेच मागे ठेवून पडताळ. दोन्ही वासांच्या किमान वीस-वीस चढणी घे, आणि अर्ध्या उंचीला पोचायला लागलेला वेळ मोज, सुरुवातीचा नाही, सुरुवात गोंगाटात बुडते. आलेख इथेच टाक, बघून सांगतो.